मोकळी वागणूक आणि लैंगिक स्वारस्य : स्त्री-पुरुषांच्या आकलनातील फरक

शिक्षण, नोकरी आणि प्रवास ह्यांच्या निमित्ताने स्त्री-पुरुषांचा परस्परांशी येणारा संबंध गेल्या काही दशकांत पुष्कळच वाढला आहे. पूर्वीच्या ग्रामजीवनात परक्या स्त्री-पुरुषांना एकमेकांशी बोलण्याचे प्रसंग मोजके असत. अशा प्रसंगी कोठे उभे राहावे, किती बोलावे, कोणती हाक मारावी ह्यांचे संकेतही ठरलेले असत. आज एकाच वर्गात, एकाच यंत्राशेजारी, एकाच बसमध्ये दोघांचा बराच वेळ जातो आणि सहकाऱ्याशी मोकळेपणाने बोलणे हा कामाचाच एक भाग होऊन बसतो. परंतु ह्या मोकळेपणाचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच लागतो असे मात्र नाही. जे बोलणे स्त्रीच्या दृष्टीने निव्वळ सौजन्याचे असते, त्यात पुरुषाला कधी कधी लैंगिक स्वारस्य दिसते. हा फरक खरोखरच आहे काय, असल्यास तो कशामुळे पडतो आणि त्याची जबाबदारी कोणावर, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

मध्य प्रदेशातील बेटमा हे इंदूर जिल्ह्यातील, इंदूर-धार मार्गावरचे एक लहान शहर आहे. भोवताली माळव्याची काळी, सुपीक जमीन. एका बाजूस सुमारे तीस किलोमीटरवर इंदूर शहर आणि त्यातील महाविद्यालये. दुसरीकडे धार जिल्ह्यातील पीथमपूरची औद्योगिक वसाहत. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकापासून ही वसाहत वाढत गेली आणि आसपासच्या गावांच्या जीवनक्रमात मोठा पालट झाला. महाराष्ट्रात चाकण, रांजणगाव किंवा वाळूज ह्यांच्या परिसरात जे संक्रमण दिसते, त्याच जातीचे हे संक्रमण होय. शेती आणि कारखाना, जुने संकेत आणि नवा सहवास ही येथे एकाच घरात नांदतात.

अशा गावातील एक प्रसंग उदाहरणादाखल कल्पून पाहू. बेटम्याची एक तरुणी औद्योगिक वसाहतीत नोकरीस लागते. कारखान्याच्या बसमध्ये तिच्याच विभागातील एक तरुण असतो. काम नवे असल्यामुळे ती त्याला शंका विचारते, त्याने मदत केली की हसून आभार मानते. तो तिच्यासाठी बसमध्ये जागा धरू लागतो. नको म्हणणे उद्धटपणाचे वाटेल म्हणून ती बसते. पुढे तो रात्री भ्रमणध्वनीवर संदेश पाठवू लागतो. ‘आज फार दमले आहे’, ‘उद्या लवकर उठायचे आहे’ अशी उत्तरे ती देते. तिने नकार दिला नाही, केवळ दमल्याचे सांगितले, असे तो समजतो. काही दिवसांनी तो सुटीच्या दिवशीही बसथांब्यावर तिची वाट पाहू लागतो. ती बस बदलते. गावात कुजबुज सुरू होते, आणि अखेरीस घरातली वडीलधारी माणसे तिला नोकरी सोडण्याचा सल्ला देतात. कोणी विचारले तर तो तरुण म्हणतो, “तीच माझ्याशी हसून बोलत होती.”

ह्या उदाहरणातील तरुण खोटे बोलत आहे असे मानण्याचे कारण नाही. त्याला तसे खरोखरच वाटले असेल. परंतु त्याच्या वाटण्याची किंमत त्या मुलीने आपल्या नोकरीने चुकविली. हा विषय केवळ मानसशास्त्राच्या वर्गातला नसून स्त्रियांच्या शिक्षणाशी आणि उपजीविकेशी निगडित आहे, तो ह्याच कारणाने.

२. संशोधनातून काय दिसते

ह्या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत १९८० नंतर सुरू झाला. अँटोनिया अ‍ॅबी ह्या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने १९८२ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग ह्यातील आद्य मानला जातो. परस्परांना अपरिचित असलेल्या एका विद्यार्थ्याने व एका विद्यार्थिनीने पाच मिनिटे गप्पा माराव्यात आणि दुसऱ्या एका विद्यार्थ्याने व विद्यार्थिनीने त्यांच्या नकळत त्या पाहाव्यात, अशी त्याची रचना होती. नंतर चौघांनीही आपले मत नोंदविले. बोलणाऱ्या तरुणीच्या वागण्यात पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक लैंगिक आशय दिसला. विशेष म्हणजे केवळ पाहणाऱ्या पुरुषालाही तो दिसला. म्हणजे प्रश्न फक्त गप्पांत सामील असलेल्या व्यक्तीच्या आशेचा नव्हता.

फ्रँक साल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली असाच फरक दुकानातील व्यवस्थापक व कर्मचारी, तसेच प्राध्यापक व विद्यार्थिनी ह्यांच्यातील संभाषणांच्या बाबतीत तपासला. तेथेही पुरुष प्रेक्षकांना स्त्रीच्या वागण्यात मोहकपणा किंवा आमंत्रण अधिक दिसले. नोकरीच्या ठिकाणी हाताखालच्या स्त्रीने वरिष्ठाशी आदराने व हसतमुखाने बोलणे हे तर कामाचे बंधनच असते. तेच वागणे वरिष्ठाला वैयक्तिक ओढ वाटू लागले, तर तिला सुटकेला वाट राहत नाही. म्हणून ह्या अभ्यासाचे महत्त्व विशेष आहे.

ह्या निष्कर्षांचा अर्थ लावताना मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली गोष्ट अशी, की पुरुषांना मैत्री आणि आकर्षण ह्यांतला भेद कळतच नाही असे नाही. शॉटलंड व क्रेग ह्यांनी १९८८ साली दाखवून दिले, की स्त्री आणि पुरुष दोघांनाही हा भेद ओळखता येतो. फरक आहे तो उंबरठ्याचा. थोड्याशा खुणेवरून ‘येथे स्वारस्य आहे’ असा निर्णय घेण्याकडे पुरुषांचा कल अधिक असतो. दुसरी गोष्ट अशी, की हा फरक सरासरीचा आहे. दोन्ही गटांचे पुष्कळसे क्षेत्र एकमेकांवर पडते. अचूक अर्थ लावणारे पुरुष अनेक आहेत, आणि चुकीचा अर्थ लावणाऱ्या स्त्रियाही आहेत. हे प्रयोग बहुतांशी पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर झालेले असल्यामुळे त्यांतील प्रमाणे आपल्याकडे जशीच्या तशी लागू करणेही युक्त नव्हे. नॉर्वेमध्ये स्त्री-पुरुष समता अधिक रुजलेली आहे. तेथेही २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आपल्या मैत्रीचा भलताच अर्थ लावला गेल्याचे अनुभव स्त्रियांनी मोठ्या प्रमाणात सांगितले, ही गोष्ट मात्र लक्षणीय आहे.

३. फरक कशामुळे पडतो

ह्या फरकाची निरनिराळी स्पष्टीकरणे दिली जातात. मार्टी हेझल्टन व डेव्हिड बस ह्यांनी २००० साली उत्क्रांतीच्या आधारे एक उपपत्ती मांडली. कोणत्याही अंदाजात दोन प्रकारची चूक संभवते : नसलेली गोष्ट दिसणे आणि असलेली गोष्ट न दिसणे. प्राचीन काळी पुरुषाच्या दृष्टीने दुसरी चूक अधिक महाग होती, कारण तीत जोडीदार मिळण्याची संधी हुकत असे. म्हणून त्याचे मन पहिल्या चुकीकडे झुकले, असे ह्या उपपत्तीचे सार आहे.

कोरीन फॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली वेगळा मुद्दा पुढे आणला. स्त्रियांची छायाचित्रे दाखवून त्यांतील भाव ओळखण्यास सांगितले असता, पुरुषांनी मैत्रीला स्वारस्य म्हटले, तसेच काही वेळा खऱ्या स्वारस्यालाही नुसती मैत्री म्हटले. खिन्नता आणि नाकारणारा भाव ह्यांतही त्यांची गल्लत स्त्रियांहून अधिक झाली. ह्याचा अर्थ असा, की दोष केवळ आशावादाचा नाही. चेहऱ्यावरील भाव वाचण्याच्या सरावातही तो असू शकतो. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून घरातल्यांचे चेहरे पाहून वागण्याची शिकवण मिळते, मुलग्यांना ती क्वचितच मिळते, ही गोष्ट येथे विचारात घेण्यासारखी आहे.

तिसरे स्पष्टीकरण व्यवहारात सर्वांत उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण-तरुणींच्या अल्पकाळच्या भेटी घडवून प्रत्येकाचे स्वतःचे स्वारस्य आणि समोरच्याविषयीचा अंदाज अशा दोन्ही गोष्टी नोंदविल्या. ज्या पुरुषाला स्वतःला ती स्त्री अधिक आवडली, त्याने तिच्याही मनात तितकीच आवड असल्याचे गृहीत धरले. स्वतःच्या मनातील ओढ समोरच्याच्या मनात पाहण्याची ही प्रवृत्ती, आणि अल्पकालीन संबंधांकडे पाहण्याचा व्यक्तीचा दृष्टिकोन, ह्या दोन गोष्टी हिशेबात घेतल्यावर स्त्री-पुरुषांमधील फरकाचे बरेचसे स्पष्टीकरण झाले. तेव्हा ‘पुरुषांचे असेच असते’ असे म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. ‘तिलाही मी आवडतो’ असे ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी ‘मला ती आवडते म्हणून तर हे वाटत नाही ना?’ असा प्रश्न स्वतःस विचारणे कोणासही शक्य आहे.

ह्या मानसिक कारणांत आपल्या समाजातील रूढ समजुतींची भर पडते. मौन म्हणजे संमती, नाही म्हणणे हा स्त्रीचा लाजाळूपणा, हसली म्हणजे वश झाली, अशी वाक्ये मुलगे लहानपणापासून ऐकतात. अनेक चित्रपटांत नायक नकारानंतरही पाठलाग करीत राहतो आणि शेवटी त्याला नायिका मिळते. अशा संस्कारात वाढलेल्या तरुणाला नकारसुद्धा प्रतीक्षेची सूचना वाटू लागतो.

हाकांचा विचारही येथे करावयास हवा. माळव्यात परक्या पुरुषाला ‘भैया’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ म्हणतात. ही हाक म्हणजे एक कुंपणच असते. हे नाते अमुक एका मर्यादेतले आहे असे ती सांगते. ह्या पद्धतीत सोय आहे यात शंका नाही. पण तिच्यातून एक अपसमजही वाढतो. जिने ‘भैया’ म्हटले नाही, नावाने हाक मारली, तिने मर्यादा ठेवलीच नाही असे काहींना वाटते. वस्तुतः सहकारी म्हणून मिळणारा सन्मान कोणत्याही मानलेल्या नात्यावर अवलंबून असता कामा नये.

४. नकाराची भाषा

‘तिने स्पष्ट नाही म्हटले असते तर मी थांबलो असतो’ हा युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. वरील कल्पित प्रसंगातील तरुणही तोच करील. म्हणून नकार प्रत्यक्षात कसा दिला जातो हे पाहणे अगत्याचे आहे.

सीलिया किट्झिंगर व हॅना फ्रिथ ह्यांनी १९९९ साली दाखवून दिले, की दैनंदिन व्यवहारात कोणीही सहसा उघड ‘नाही’ म्हणत नाही. माणूस आधी थोडा थांबतो, चाचरतो, समोरच्याला बरे वाटेल असे काही बोलतो आणि मग एखादी अडचण सांगतो. ऐकणाऱ्याला त्यावरूनच नकार कळतो. मराठी माणसाला तर हे वेगळे सांगण्याची गरज नाही. जेवणाचे बोलावणे आले असता ‘बघू या’, ‘घरी विचारते’, ‘पुन्हा कधीतरी नक्की’ असे उत्तर मिळाले, की यजमान पाने मांडीत नाही. उसने पैसे मागितले आणि ‘सध्या जरा ओढाताण आहे’ असे कानी आले, की मागणारा उठतो. तेथे कोणालाही ‘नाही’ ह्या शब्दाची वाट पाहावी लागत नाही. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण पुरुषांनी स्वतःच सांगितले, की लैंगिक बाबतीतही असे आडवळणाचे नकार त्यांना ओळखता येतात.

ह्यावरून असे म्हणावे लागते, की ‘आज फार दमले आहे’ ह्या वाक्याचा अर्थ कळणे अवघड नाही. इतरत्र जो माणूस सूचक नकार सहज ओळखतो, त्याने येथे मात्र अधिक स्पष्ट पुराव्याची अपेक्षा धरणे न्याय्य नाही. शिवाय स्त्रीने आडवळणाने बोलण्यास कारण असते. उघड नकार दिल्यास अपमान होईल, समोरचा चिडेल, वरिष्ठ असेल तर कामात अडचणी आणील, अशी भीती तिच्या मनात असते, आणि ती पुष्कळदा अनुभवातून आलेली असते.

५. न्यायालये आणि कायदा

स्त्रीच्या वागण्याचा अर्थ कोणी व कसा लावावा, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे अनेकदा आला आहे. महाराष्ट्रातील एका खटल्याने तर देशाच्या कायद्यालाच वळण दिले. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निमूटपणे सहन करणे आणि संमती देणे ह्या भिन्न गोष्टी आहेत असे मानून पोलिसांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ साली, अंगावर जखमा नाहीत व प्रतिकाराच्या खुणा नाहीत ह्यावर भर देऊन, त्यांची मुक्तता केली. ह्या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लतिका सरकार ह्या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पोलीस किंवा अन्य अधिकाऱ्याच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि आपली संमती नव्हती असे तिने न्यायालयात सांगितले, तर ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्या वेळी ठरले.

२०१३ साली संमतीची व्याख्याच कायद्यात आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे. शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य रीतीने, त्या विशिष्ट कृतीपुरती व्यक्त झालेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची मान्यता म्हणजे संमती होय. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येत नाही. मैत्रीविषयी मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये एका आरोपीचा अटकपूर्व जामीन नाकारताना अशाच अर्थाचे मत व्यक्त केले. मुलीशी मैत्रीचे संबंध आहेत एवढ्यावरून मुलाने तिला गृहीत धरू नये आणि शरीरसंबंधास तिची संमती आहे असे समजू नये, असे न्यायालयाने म्हटले.

बेटमा ज्या इंदूर परिसरात आहे, तेथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा एक आदेशही येथे उद्बोधक ठरेल. उज्जैन जिल्ह्यातील एका शेजाऱ्याने स्त्रीच्या घरात शिरून विनयभंग केल्याच्या प्रकरणात, ३० जुलै २०२० रोजी जामीन देताना, आरोपीने रक्षाबंधनाच्या दिवशी मिठाई घेऊन तिच्या घरी जावे आणि राखी बांधण्याची तिला विनंती करावी, अशी अट घालण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२१ रोजी ही अट रद्द केली आणि अशा अटींमुळे गुन्ह्याचे गांभीर्य कमी होते असे स्पष्ट केले. मानलेल्या नात्याची हाक ज्याप्रमाणे सन्मानाची पूर्वअट होऊ शकत नाही, त्याप्रमाणे ते नाते अपराधावरचा उतारा म्हणूनही वापरता येत नाही.

नोकरीच्या ठिकाणांसाठी, १९९७ सालच्या विशाखा निर्णयातील मार्गदर्शक तत्त्वांच्या पायावर, २०१३ साली स्वतंत्र अधिनियम झाला. त्यात लैंगिक छळाची व्याख्या ‘नकोशी’ कृती अशी आहे. वागणे कोणाला नकोसे होते हे पाहावयाचे, करणाऱ्याला ते कसे वाटले हे नव्हे, असा ह्या शब्दाचा रोख आहे. कामानिमित्त मालकाने पुरविलेली वाहतूकही ‘कामाचे ठिकाण’ ह्या संज्ञेत येते; तेव्हा कारखान्याची बस ह्या कायद्याच्या बाहेर नाही. तसेच, स्त्रीने अनिच्छा स्पष्टपणे दर्शविल्यावरही वारंवार संपर्क साधणे किंवा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा असून, पहिल्या दोषसिद्धीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

६. व्यवहारातील दक्षता

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक सूचना करता येतील.

(१) हसणे, आभार मानणे, मदत मागणे, शेजारी बसणे, पोशाख किंवा भ्रमणध्वनीचा क्रमांक देणे ह्यांपैकी कशासही स्वारस्याचा पुरावा समजू नये.

(२) खरोखरच भावना असल्यास ती एकदा, सभ्यपणे, दडपण येणार नाही अशा ठिकाणी विचारावी. हाताखाली काम करणाऱ्या स्त्रीला मात्र विचारूच नये हे उत्तम, कारण तिला मोकळेपणाने उत्तर देता येत नाही. ‘बघू’, ‘वेळ नाही’ किंवा मौन ह्यांना नकार समजावे आणि पुन्हा विचारू नये.

(३) सहकाऱ्यांनी अशा प्रसंगी चिडवाचिडवी करून आगीत तेल ओतू नये. तरुणाचा गैरसमज पुष्कळदा त्याच्या मित्रांनीच पक्का केलेला असतो.

(४) दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणच्या, किंवा खुद्द मालकाविरुद्धच्या, तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येतात. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करावी. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी तीन महिने वाढू शकते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण व्हावी असा नियम आहे. चौकशीपूर्वी समेट होऊ शकतो, पण तो केवळ त्या स्त्रीने मागितल्यास, आणि पैशांच्या देवघेवीवर कधीही नाही.

(५) घरातील वडीलधाऱ्यांनी मुलीची नोकरी किंवा शिक्षण थांबविणे हा उपाय समजू नये. चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्यास असा तो प्रकार होतो. आणि ते पाहून गावातल्या इतर मुलीही आपली अडचण घरी सांगेनाशा होतात.

स्त्री आणि पुरुष ह्यांच्या आकलनात सरासरीने काही फरक आहे, हे संशोधनाने दाखविले आहे. परंतु आपला अंदाज चुकण्याचा संभव आहे हे ज्याला ठाऊक झाले, त्याच्यावर त्या अंदाजावर विसंबून पुढे न जाण्याची जबाबदारीही येते. ही जाणीव शाळेतील मोठ्या मुलांना, प्रशिक्षण संस्थांतील उमेदवारांना आणि कारखान्यांतील नव्या कामगारांना वेळीच करून दिली, तर कल्पित प्रसंगातील मुलीला आपली बस बदलण्याची वेळ येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. दैनंदिन व्यवहारात ‘नाही’ हा शब्द न वापरता आपण नकार कसा देतो? पाच उदाहरणे द्या.

२. कल्पित प्रसंगातील तरुणाने नेमक्या कोणत्या टप्प्यावर थांबावयास हवे होते? कारणे सांगा.

३. त्या मुलीच्या घरच्यांनी, सहकाऱ्यांनी आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाने काय करता आले असते?

४. आपल्या संस्थेतील अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावे सर्वांना दिसतील अशा जागी लावलेली आहेत काय, हे पाहून या.